वेडावल्याची खूण

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
माघ वद्य पंचमी, शके १८७८

तीर्थस्वरूप इंदुवन्सं यांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, भागीरथीचा, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगं टेकतात, उरलेली तीन तुम्ही मनानं टेकवून घ्यावीत.) इकडे सर्व ठीक. तुमचा खोकला कसा आहे? मागच्या कार्डात तुम्ही खोकल्याविषयी सविस्तर लिहिलं असणार, पण मला ते लागलं नाही. तुमची कार्ड लिहायची रीतच जगावेगळी. सरळ लिहून जागा संपली की तुम्ही कार्ड आडवं करता, मग उलटं करता, मग मागच्या बाजूला पत्त्याच्या अंगावर चढता. आमचा पोस्टमन मला विचारत होता की माताजी, इसमें पता कौन-सा है. मी ते कार्ड जात्यासारखं गरागरा फिरवलं. तुमचा खोकला वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरू झाला एवढं समजलं. पुढे थांबला की नाही ते पोस्टाच्या शिक्क्याखाली गेलं. थांबला असं धरून चालते. नसेल थांबला तर ज्येष्ठमध चघळा आणि कोपरे सोडून लिहा.

हे पत्र पाकिटात घालून, कडा खळीनं चिकटवून पाठवते आहे. आपली वही असताना हा वेगळा खर्च कशाला, असं तुम्ही म्हणाल. वहीच्याच कागाळ्या करायच्या आहेत, त्या वहीत कशा करू? वही परवा शरयू पोस्टात टाकणार आहे. तिच्याआधी हे तुमच्या हाती पडावं म्हणून आज धावपळ.

वही कशी सुरू झाली हे तुम्हांला ठाऊक आहे, पण तुम्ही विसरता, म्हणून पुन्हा सांगते. आपलं संस्थान गेलं तेव्हा मला काही वाटलं नाही, कारण ते माझ्याकडे कधीच नव्हतं. मग मध्यभारत झालं आणि राजधानी नव्या सुनेसारखी सहा महिने इथं, सहा महिने इंदुरास राहू लागली. आमचा भालचंद्र दफ्तराच्या पेट्यांबरोबर जायचा, पेट्यांबरोबर यायचा. या दिवाळीत तेही मोडलं. मध्यप्रदेश झाला, कुठली कचेरी भोपाळला, कुठली जबलपूरला, कुठली इथंच राहिली, आणि वऱ्हाडामागून ट्रंका जाव्यात तशी कचेऱ्यांमागून माणसं गेली. भालचंद्र नि सूनबाई कुमुदिनी भोपाळला. वनमाला तर लग्न झाल्यापासून इंदुरातच, तुम्ही उज्जैनला, आणि इथं मी नि भालचंद्राची शरयू, कारण तिचं कॉलेज इथं. (कॉलेज नव्या राज्यात कुणी हलवलं नाही, बहुधा विसरले.) तेव्हा भालचंद्राच्या डोक्यातून ही फिरती वही निघाली. रद्दीत निघालेली जुनी दरबारी वही. पुठ्ठ्यावर गेलेल्या राज्याचा छाप आणि आत आमची भांडणं. भोपाळहून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून तुमच्याकडे, तिथून इंदूर, परत भोपाळ. पंधरा दिवसांत एक फेरी. सगळ्यांनी सगळ्यांचं वाचायचं आणि सगळ्यांना उत्तर द्यायचं.

इथवर ठीक होतं. पण भालचंद्रासारख्या हेडक्लार्काच्या हाती वही लागली की तिला नियम फुटतात. पान उभं दुमडायचं. उजव्या अर्ध्यात मूळ मजकूर, डाव्या अर्ध्यात बाकीच्यांनी बोलायचं. ज्याच्या बोलण्यावर बोलायचं त्याचे शब्द आधी जसेच्या तसे उतरवायचे, खाली त्याचं नाव, मग आपलं म्हणणं. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. आणि दुसऱ्याचे शब्द उतरवून त्याखाली काहीच लिहिलं नाही, तर ते आपल्याला कबूल आहेत असं धरायचं; त्यांच्या कचेरीत साहेबलोक असंच करतात म्हणे. हा शेवटचा नियम पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिला आहे. पुठ्ठ्याची आतली बाजू कोण वाचतं? मी गोरखीच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकले, तिथं पुठ्ठ्याला आम्ही हात पुसत असू.

आता एकेकाची तऱ्हा ऐका. सूनबाई आज्ञाधारक. नियम म्हणजे नियम. मी एकदा दीड पान भरून लिहिलं होतं की जिन्याची वरून तिसरी पायरी निखळली, सुताराला निरोप धाडला, तो आला नाही, मग आला तर करवत विसरून आला, मग करवत आणायला गेला तो त्याच्या मेव्हण्याकडच्या बारशालाच जाऊन बसला, आणि शेवटी मीच दगडानं खिळा ठोकला. कुमुदिनीनं ते दीड पान, सुतार, करवत, मेव्हणा सगळ्यांसकट, मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढलं आणि खाली लिहिलं, 'बरं झालं.' दोन शब्द! या दोन शब्दांसाठी माझा सुतार भोपाळला जाऊन पुन्हा करवत विसरून आला.

वनमाला (ही माझीच, तेव्हा दोष कुणाला देऊ) शब्दांखाली रेघा मारते. साध्या शब्दाखाली एक, महत्त्वाच्याखाली दोन, सासूच्या नावाखाली तीन. शरयू म्हणते, आत्याचं पान लांबून पाहिलं तर बाजाची पेटी उघडी ठेवल्यासारखं दिसतं. जिथं तिथं रेघ असल्यावर मी काय वाचू नि काय सोडू? मी आता फक्त बिनरेघेचं वाचते. त्यात सगळं खरं असतं.

तिचे यजमान विश्वासराव. जावई आहेत, शिवाय वकील आहेत, म्हणजे दोन्हीकडून बोलायची सोय नाही. ते माझं वाक्य दोडका चिरावा तसं चिरतात. मी लिहिलं, 'शरयूला ताप आला होता, आता उतरला, काळजी नसावी.' झालं. एक: 'शरयूला ताप आला होता.' किती, कुणी पाहिला, काखेत की तोंडात. दोन: 'आता उतरला.' आता म्हणजे लिहिते वेळी की वाचते वेळी. तीन: 'काळजी नसावी.' कोणास. प्रत्येक फोडीवर सहा-सहा ओळी आणि भाजी काही होत नाही. तो ताप तीन दिवसांचा होता, वहीत तो संक्रांतीपर्यंत टिकला. मुलगी फूलबागेपर्यंत सायकल दामटून येत होती आणि भोपाळहून तिला पेजेवर ठेवायच्या सूचना येत होत्या. खुद्द भालचंद्र तर मला 'सदरहू' म्हणतो. 'सदरहू मातोश्रींनी कळविल्याप्रमाणे.' नऊ महिने पोटात वागवला, त्याचं हे फळ.

तुमचंही सांगते, राग मानू नका. तुम्ही घरात सर्वांत ज्येष्ठ म्हणून दर फेरीला तुमचा शेरा असायचा आणि तो सर्वांवर बंधनकारक, असं भालचंद्रानं ठरवलं. केवढा मान! एवढ्या मानावर तुम्ही आजवर प्रत्येक फेरीत लिहिलंत काय? 'वाचले. खोकला आहे.' तुम्ही मामलेदार असतात तर तालुका खोकून खोकून बुडाला असता.

बरं. आता मूळ गोष्ट. पौषात वही इथं आली तेव्हा पान एकतीसवर भालचंद्रानं ठराव मांडला होता. तो असा: 'आईने भोपाळास येऊन राहावे. जयेंद्रगंजातील घर पाडव्यास मोकळे करून द्यावे. शरयूस वसतिगृहात ठेवता येईल. आईस हवापालट होईल, आम्हांकडून सेवा घडेल व सर्वांची सोय होईल.' मी काय केलं? चष्मा लावला, टाक बुडवला, आणि डाव्या अर्ध्यात हे सगळं अक्षरन् अक्षर, ठळक ठळक उतरवलं. खाली काही लिहिलं नाही. लिहायचं काय? वेडावून दाखवल्यावर वर खुलासा करत बसतं का कुणी?

वन्सं, समोरच्याचे शब्द त्याच्याच तोंडावर परत टाकणं ही माझी लहानपणापासूनची रीत. शिव्या देणाऱ्या बायकांना फार बोलावं लागतं; मला नाही लागत. नाक जरा वर करायचं, मान डावीकडे पाडायची, आवाज अर्ध्यावरून चिरका करायचा आणि त्याचंच वाक्य त्याला जसंच्या तसं ऐकवायचं. माणूस तिथंच थंड. भालचंद्र लहानपणी 'मी नाही सांडलं' म्हणाला की मी फक्त 'मी नाही सांडलं' म्हणायची, की तो फडकं आणायला धावायचा. तुमचे बंधू कचेरीतून आले की मी वेडावलेल्या माणसांची नावं ओळखत बसायचे. तेव्हा मला वाटलं, पानावर माझं ठळक अक्षर दिसलं की पोराला आईचं नाक दिसेल. कागदाला नाक नसतं, हे या वयात कळलं.

पुढच्या फेरीला वही परत आली ती मंगलाष्टकं म्हणतच आली. तुमचा शेरा होता: 'वाचले. खोकला आहे.' (तो त्यांनी संमती म्हणून धरला.) वनमालेनं 'आई येणार' याखाली चार रेघा ओढल्या होत्या, चौथी कागद फाडून मागच्या पानावर गेली. विश्वासरावांनी माझं अभिनंदन तीन पोटकलमांत केलं. कुमुदिनीनं माझे शब्द, म्हणजे मुळात तिच्या नवऱ्याचेच शब्द, तिसऱ्यांदा मोत्यांत उतरवले आणि खाली 'बरं झालं.' आणि भालचंद्र लिहितो, 'सदरहू ठराव मातोश्रींनी स्वहस्ते उतरवून व कोणताही आक्षेप न नोंदवून मान्य केला आहे. घरमालकांस तसे कळविले.' कळविले! माझ्या घराची चूल माझ्या देखत पेटलेली, आणि मी भोपाळला गेलेली.

मी तातडीनं वहीत लिहिलं की अरे, मी वेडावत होते. वाटलं, विषय संपला. पण विषय विश्वासरावांकडे गेला. त्यांचं उत्तर मी तुमच्यासाठी उतरवते (उतरवते आहे, कबूल नाही, हे ध्यानात असू द्या): 'एक. अक्षर सासूबाईंचे आहे, हे त्यांस मान्य. दोन. शब्द पूर्ण व शुद्ध आहेत. तीन. वेडावल्याची कोणतीही खूण कागदावर आढळत नाही. चार. अशी खूण नसता, प्रत्येक मान्य केलेला ठराव उद्या कोणीही वेडावला म्हणून परत घेईल, व वहीस अर्थ राहणार नाही.' मला सांगा, मुलगी देताना पत्रिका बघितली, घर बघितलं, दात बघितले. जावई खूण मागेल हे कुठं बघायचं होतं?

शरयू हुशार आहे, बापावर गेलेली नाही. ती म्हणाली, "आजी, तू भी ना! वेडावतेस तर काही निशाण कर. ऐसे कैसे किसी को पता चलेगा?" तिचं मला पटलं. विचार करून मी मिरची ठरवली. जिथून वेडावायला सुरुवात तिथं एक मिरची काढायची, जिथं संपलं तिथं दुसरी. पानाच्या माथ्यावर खुलासाही लिहिला की दोन मिरच्यांमधलं जे असेल ते उलट समजावं. मग भालचंद्रानं जिथं जिथं भोपाळच्या क्वार्टराची तारीफ केली होती (तलाव दिसतो, नळाला दिवसभर पाणी, देवांसाठी कोनाडा) तिथली वाक्यं मी दोन-दोन मिरच्यांत बसवून दिली. मिरच्या तिखट आल्या होत्या. समाधानानं वही तुमच्याकडे धाडली. तुम्ही मिरच्या बघितल्यात की नाही, कळायला मार्ग नाही, कारण शेरा तुमचा नेहमीचाच.

आणि परवा ही वही परत आली तेव्हा मी कपाळाला हात लावला. वनमालेला वाटलं मी भोपाळला जायच्या आनंदात काही पाककृती पाठवली आहे. विचारते, आई, दोनच मिरच्या का, आणि फोडणीत की वाटून? विश्वासरावांनी आक्षेप काढला की काही मिरच्यांचे देठ वर आहेत आणि एकीचा खाली, तर देठ खाली असलेल्या मिरचीचा अर्थ काय. (ती मिरची नव्हतीच, टाकातून शाई गळली होती.) भालचंद्रानं शांतपणे लिहिलं की मिरची हे चिन्ह नियमांत नव्हतं; आता घातलं तरी मागल्या पानांना लागू होणार नाही; वहीत ठरलेलं वहीतच, आणि तेही फक्त ज्येष्ठांच्या शेऱ्यानं फिरतं. पण खरी कमाल कुमुदिनीची. तिला मिरच्या नक्षी वाटल्या. खुलासा तिनं नेहमीप्रमाणे सगळा उतरवला, वाचला मात्र नाही. आणि मग मुळातच हात कसबी, तिनं तांबड्या-हिरव्या रंगात देठासुद्धा झकास मिरच्या काढून त्यांच्यामध्ये लिहिलं: 'ती. सासूबाईंस साष्टांग नमस्कार. आपण कायमच्या येणार म्हणून मला अत्यानंद झाला आहे.' दोन्ही बाजूंनी मिरच्या! आता माझ्याच खुलाशाप्रमाणे वाचायचं म्हटलं तर सून मला वेडावते आहे. मी ते वाक्य चारदा वाचलं आणि खरं सांगू, मला पहिल्यांदाच तिच्याबद्दल जरा आदर वाटला.

हसण्यासारखं इथवरच. गेल्या सोमवारी आमचे घरमालक कान्होजीराव आले. पागेतून पेन्शन घेऊन दहा वर्षं झाली, पण अजून घोड्यावरून उतरल्यासारखे चालतात. बरोबर एक गृहस्थ, नव्यानं आलेल्या कचेरीतले कुणी मोठे बाबू. जागा बघायला आले होते. मी चुलीपाशी, आणि बाबू माझ्या डोक्यावरून भिंत बघत होता. देवांच्या फळीकडे बोट करून म्हणतो, यहाँ रेडियो आ जाएगा. मी नाक वर केलं, मान पाडली आणि म्हटलं, "यहाँ रेडियो आ जाएगा." त्याला वाटलं मी होकार दिला. म्हणाला, जी हाँ. बघा, म्हणजे वकीलच नव्हे, आता समोरासमोरची माणसंही अशी निघू लागली. कान्होजीरावांना मात्र समजलं, मिशीत हसले. म्हणाले, "आईसाहेब, आम्हांला काही जल्दी नाही. पण भालचंद्ररावांची लिखापढी झाली आहे. त्यांचं दुसरं पत्र आलं तर पहिलं मी तुमच्याच चुलीत टाकतो. पाडव्यापर्यंत वाट बघतो, पुढे माझा इलाज नाही." माणूस भला, पण पाडवा काही त्याच्या हातात नाही.

हा सगळा वेळ जिन्यापलीकडच्या सुधाताई आपल्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. एवढीशी तूर, दोन माणसांचं घर, आणि बाई तासभर खडे काढतात! तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मागे तुम्ही आलात तेव्हा 'तुमच्या नणंदबाई अजून चालत्याफिरत्या आहेत वाटतं' म्हणाल्या त्याच. गेली एकवीस वर्षं या बाईनं माझं एक लुगडं दोरीवर सुखानं वाळू दिलेलं नाही. नळ माझा असला की त्यांची घागर, ऊन माझं असलं की त्यांची गादी. कान्होजीराव जिना उतरले तशा मला म्हणतात कशा, "नवा भाडेकरू सभ्य दिसतो हो." मी म्हटलं, तुमच्या नजरेला नवं ते सगळंच सभ्य. मग त्यांनी दार लावलं आणि मी दार लावलं, आणि कुणाचं जोरात लागलं यावर शरयूशी माझा वाद झाला.

तर अशी हकीगत. मला भोपाळचा राग नाही. तलाव असेल, पाणी असेल. पण मला माझ्या हातानं दिवा लावायची, माझ्या जिभेनं बोलायची सवय. मुलाच्या घरी गेलं की म्हातारीचं बोलणं सगळे उतरवून घेतात आणि खाली 'बरं झालं' लिहितात. ते मला नको आहे. पाडवा सव्वा महिन्यावर आला आणि वहीच्या दोनच फेऱ्या उरल्या. तुमच्या घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्या कुणी उरल्याच नाहीत. ज्येष्ठमध विसरू नका.

तुमची आज्ञाधारक (हे तुम्हांला हसू यावं म्हणून)
भागीरथी

ता. क. आता ज्यासाठी पाकीट चिकटवणार आहे ते. ठराव फिरवणं जगात तुमच्या एकटीच्या हाती आहे. तेव्हा या फेरीला खोकला बाजूला ठेवून असा शेरा लिहा: 'भागीरथी लग्न होऊन आल्या दिवसापासून समोरच्याचे शब्द जसेच्या तसे परत करून वेडावते, हे मी स्वानुभवाने जाणते. मला स्वतःला तिने पुष्कळ वेळा वेडावले आहे. पान एकतीस तसेच समजावे. ठराव रद्द.' आडवं-उलटं लिहू नका, कोपऱ्यात घुसू नका. विश्वासराव स्वानुभव म्हणजे काय ते विचारणारच, म्हणून तुमची तयारी करून ठेवते. तुमचा दिवाळसण आठवा. पंगतीत बसून तुम्ही लाजून म्हणालात, 'मला मुळी भूकच नाही,' आणि नंतर पाच पुरणपोळ्या खाल्ल्यात. ते वाक्य मी माजघरात त्याच रात्री म्हटलं आणि पुढे तीस वर्षं म्हणत राहिले. तुमच्या बंधूंना इतकं आवडलं की त्यांना जेवण वाढायला सांगायचं असलं की तेच म्हणायचे. तुम्ही काशीहून आल्यावर 'मी काही तिथं कुणाशी बोललेच नाही' म्हणून दोन दिवस बोलत होतात, तेही मी केलं आहे. तुमची पाठ वळल्यावर, मान राखून. अजून हवी असतील तर कळवा, पुष्कळ आहेत. आज राग आला तर येऊ द्या, पण शेरा लिहून झाल्यावर.

ता. क. २. हे पत्र वहीत उतरवू नका. आणि मी गेले तर तुम्ही सुटाल असं समजू नका. ठरावात 'सर्वांची सोय' हे शब्द आहेत, आणि कुमुदिनीनं गेल्या फेरीला लिहिलंय की कोनाड्याच्या खोलीत दोन खाटा मावतात. दुसरी खाट कुणाची, हे मी तिला विचारलं नाही. तुम्ही नि मी एका खोलीत. तुम्ही खोकणार आणि मी तुमचा खोकला करून दाखवणार. विचार करा.

ता. क. ३. पाकिटाच्या वजनाला अजून वाव आहे म्हणून लिहिते. पान एकतीस लिहिलं तेव्हा मी वेडावत नव्हते. पुठ्ठ्यावरचा नियमही मी वाचलेला होता. पौषात सुधाताईंच्या मुलाला, गोविंदाला, जबलपूरच्या बदलीचा हुकूम आला होता आणि त्यांच्या ट्रंका बांधून जिन्यात ठेवल्या होत्या. समोरचं दार बंद होणार म्हटल्यावर मी इथं राहून बोलू कुणाला? भिंतीला? म्हणून चष्मा लावून, पूर्ण शुद्धीवर, कबूल म्हणूनच उतरवलं. वही उज्जैनला गेली आणि आठ दिवसांत गोविंदाचा हुकूम फिरला, कचेरी इथंच राहिली, ट्रंका सुटल्या. आता वही मागे कशी ओढू? खोडायचं तर नाही. मग वेडावणंच उरलं. मी टाक घेतला तेव्हा सुधाताई उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं आहे, म्हणून मला त्यांची धास्ती होती. तर काल दुपारी बाई आपण होऊन आल्या. म्हणाल्या, "भालचंद्राला माझं नाव घालून कळवा की तुम्ही वेडावतच होतात, मी समोर होते." मी म्हटलं, "तुम्हांला काय पडलं आहे माझ्यासाठी खोटं बोलायचं?" तर म्हणतात, "तुमच्यासाठी कोण बोलतंय? तो रेडिओवाला येईल, त्याची बायको येईल, आणि ती गोड बोलणारी निघाली म्हणजे मी काय करू?" घरच्या वहीत बाहेरच्याची साक्ष चालत नाही, नाहीतर तुम्हांला त्रास दिला नसता. वरती त्यांच्याविषयी जे लिहिलं आहे त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. बाई आल्या होत्या त्या दोन महिन्यांपूर्वी नेलेली माझी चाळणी परत द्यायला, असं सांगून; आणि जाताना चाळणी पुन्हा घेऊन गेल्या. शेरा लवकर लिहा.